लाकडी स्पीकरांचे नवे पडदे

विल्मार आमच्या नाचाच्या बारमध्ये शिरला तो दुपारचा पाऊस चुकवायला. शर्ट अंगाला चिकटलेला, आणि डोकं पुसायचं सोडून स्वारी आमच्या स्पीकरांकडे टक लावून उभी!

"हे अजून वाजतात?"

"तुमच्यापेक्षा बरे वाजतात," मी म्हटलं. "आधी पायपुसण्यावर उभे राहा. फरशी नाचायची आहे."

तो हसला... आणि माझी विकेटच गेली म्हणा ना.

तो पलीकडच्या दुकानात नवे स्पीकर विकायचा. रोज दुपारी थंडगार लुलादा प्यायला यायचा आणि माझ्याशी भांडायचा.

"नोहेमी, आमचे स्पीकर बुटाच्या खोक्याएवढे. आवाज कसा, आरशासारखा!"

"आरशावर कोण नाचतं रे?"

"आणि तुझी ही दोन कपाटं?"

"हात लावून बघ."

त्यानं लाकडावर तळवा ठेवला. ट्रॉम्बोनचा सूर आतून आला — उबदार, जरासा घोगरा. मीही हात टेकला. करंगळीला करंगळी लागली... गाणं संपेपर्यंत कुणीच काढली नाही.

हे स्पीकर पापांनी लग्नात घेतले होते. आई याच आवाजावर नाचायची. ती गेल्यावरही पापा रोज संध्याकाळी तिच्या कमरेत हात घातल्यासारखा धरून एकटेच नाचत. आमच्या या नाचवेड्या काली शहरात अशा माणसाला कुणी हसत नाही, त्याच्यासाठी जागा करून देतात.

मग स्पीकरांच्या आतल्या, आवाज काढणाऱ्या कागदी पडद्यांच्या कडा फाटल्या, आवाज फरफरू लागला. पापा विल्मारला म्हणाले, "कडांना पट्टी चिकटव. बाकी कशाला हात लावू नकोस. आणि जमलं, तर पोरीला मागणी घालायला ये."

विल्मारनं ग्लासच सांडला. मी लाजून आत पळाले.

तिथंच घात झाला. होणाऱ्या सासऱ्यासाठी नुसती पट्टी कशी लावायची? त्यानं पडदेच नवे बसवले, आणि जुने कचरागाडीत टाकले.

संध्याकाळी पापांनी रेकॉर्ड लावली. आवाज लख्ख. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू यावा असा. पापांनी हात उचलला... आणि हळूच खाली सोडला.

"ती नाहीये गं यात," ते मला म्हणाले, आणि जिना चढून वर गेले. रागावलेसुद्धा नाहीत. त्यानंतर खाली उतरले नाहीत. जेवण नावालाच.

विल्मारनं कचऱ्याचे ढीग उपसले. ते सापडेनात, तेव्हा कुठून कुठून दुसरे जुने पडदे आणून बसवले. पण आमच्या घरात इतकी वर्षं मुरलेला कागद तो कुठून आणणार?

"माझा तुझ्यावर जीव आहे, नोहेमी," काल तो म्हणाला.

"माझाही आहे."

"मग?"

"तुझी चाहूल लागली की पापा भिंतीकडे तोंड करतात. घास तसाच राहतो."

"तुझा राग आहे का माझ्यावर?"

"राग असता तर निवला असता रे... तू येऊ नकोस आता."

तो दारात थोडा थांबला, आणि गेला. मला हुंदका आवरेना. वर ऐकू जाऊ नये म्हणून मी रेकॉर्ड लावली, आवाज वाढवला.

वरून पापांची हाक आली.

"नोहेमी, बंद कर ते. त्यापेक्षा मोठ्यानं रड, पोरी."