फेकलेल्याचा उजेड

मेलेले तारे किती ऊर्जा बाहेर टाकतात ते मोजणं, हे धाकटीचं पोटापाण्याचं काम. सध्याचा तारा मोठा हट्टी होता. स्फोट होऊन चार महिने झाले तरी विझायचं नाव घेईना. त्यात नवल नव्हतं. मरण्याआधी असा तारा वर्षानुवर्षं अंगावरचा वायू बाहेर फेकत असतो. स्फोटाचा लोट त्या दाट वायूवर आदळला की वायू तळपायला लागतो. शेवटी फेकलेला आधी, सगळ्यात जुना सगळ्यात उशिरा.

बाबांना जाऊनही चारच महिने झाले होते. नकोशी वस्तू घरात राहिली तर बाबांना चैन पडत नसे. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी ताईलाही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं आणि पुन्हा तिचं नाव घेतलं नाही. धाकटी तेव्हा दाराआड गप्प उभी राहिली होती. त्याची तिला अजून लाज वाटे. येत्या रविवारी ताई पहिल्यांदाच घरी येणार होती, आणि धाकटीला तिची माफी मागायची होती.

सोमवारी शेजारच्या काकू बाबांची शाल घेऊन आल्या.

"गेल्या वर्षी दिली होती त्यांनी. तुझी तूच ठेव बाई. कपाटात असते, तरी हात लावला की चटका बसतो."

"उन्हात राहिली असेल, काकू," धाकटी म्हणाली. शाल मात्र खरंच गरम होती.

बुधवारी इमारतीच्या रखवालदाराने बाबांनी त्याला देऊन टाकलेली जुनी खुर्ची आपल्या खोलीबाहेर काढली. सहा वर्षं बसत होता, आता चटके लागतात, बसवत नाही म्हणाला. गुरुवारी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला. बाबांनी बारा वर्षांपूर्वी टाकून दिलेला रेडिओ त्याच्या माळ्यावर पडून होता, वायर तुटलेली, आणि त्याचा दिवा लागला होता.

शुक्रवारी दुपारी कामाच्या टेबलाशी तिने सवयीने आकडे मांडले. एक, सहा, बारा वर्षं.

मग तिची नजर पडद्यावरच्या ताऱ्याच्या आलेखावर गेली. एकाच वेळी सगळ्यात जास्त जिथे फेकलं होतं, उजेड तिथेच सगळ्यात जास्त होता.

तिने घाईघाईने फोन लावला.

"ताई, बरी आहेस ना? अंग गरम नाही ना?"

"ठणठणीत आहे गं. लेकीला झोपवतेय. सारखी म्हणते, दिवा बंद कर."

"मग कर ना."

"लावलाय कुठे? सकाळपासून वीज नाही. पडदेही ओढलेत. म्हणून तिच्या डोळ्यांवर हात धरून बसलेय."



पलीकडून भाचीचा झोपाळलेला आवाज आला.

"आई, हात काढ ना. डोळ्यांवर उजेड येतो."