गाय काही वळेना

तो पहिल्यांदा आला तो फावडं मागायला, आणि गाईने त्याला पाहताक्षणी भरलेली बादली लाथेने उडवली. दूध त्याच्या पँटवर, बुटांत आणि थोडंसं भुवईवरही. धार काढत असलेली ती हसू दाबत दाव्याशी उभी राहिली.

"तुमच्या गाईला शेजारी आवडत नाहीत वाटतं," भुवई पुसत तो म्हणाला.

"तिला ओळख लागते. तोवर लाथा खायच्या."

"आणि तुम्हाला?"

"मी लाथा मारत नाही." तिने फावडं त्याच्या हातात दिलं आणि मान फिरवली... कान मात्र तापले होते.

पलीकडचा भाजीच्या रानाचा तुकडा त्याने नुकताच कसायला घेतला होता. इकडे बाबांचं मनगट कामातून गेलेलं, त्यांना धार काढता येत नव्हती. आणि तिला तर शहरातल्या रोपवाटिकेत सहा महिने शिकायला जायचं होतं. वर्षभर तिने तोच ध्यास घेतला होता. अडलं होतं ते गाईपाशी. कोणाच्या तरी हाताची सवय गाईला झाली, की ही जायला मोकळी. अर्ध्या दुधाच्या बोलीवर शेजारी तयार झाला.

वैरण घालणं, शेण काढणं, कास कोमट पाण्याने धुणं, सगळं त्याने भराभर उचललं. हातही हलका होता. पण तो धारेला बसला की गाय पान्हा चोरायची. बाबांनी सुचवलं म्हणून त्याने तिचा डोक्याचा रुमाल गळ्यात बांधून पाहिला, म्हणजे गाईला वास तरी ओळखीचा यावा. तरी बादलीचा तळ जेमतेम झाकायचा.

"जमेल हो," ती म्हणायची. "घाई कशाला?"

खरं तर गाय बिचारी निर्दोष होती. तो धारेला बसला, की ही बया गवताच्या गंजीमागे जाऊन उभी राहायची आणि हलकेच खाकरायची. तो आवाज आला की गाय कान टवकारून हिचीच वाट बघत बसायची. पहिल्यांदा ते नकळत झालं. नंतर... नंतर चांगलं कळून-सवरून. ज्या शिकण्यासाठी जीव टाकला, तेच तिला पुढे ढकलावंसं वाटत होतं, कारण तो आवडला होता. सकाळी त्याच्या बुटांचा आवाज आला की तिचा दिवस उजाडायचा. ती स्वतःवर चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गंजीमागे हजर.

मग शहरातून मावशीचा फोन आला. येत्या सोमवारी आली नाहीस, तर तुझी जागा दुसऱ्या कोणाला तरी जाईल.

त्या संध्याकाळी ती गंजीमागे गेली, पण या वेळी खाकरली नाही.

"आज आवाज नाही?" गाईकडेच बघत तो म्हणाला.

केसांतलं गवत काढत ती बाहेर आली. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्याच आठवड्यापासून. गवताला पाय नसतात, आणि रंगवलेली नखं तर नसतातच."

"मग बोलला का नाहीत?"

"गाय वळवायची मला घाई होती. का, ते तुमच्या बाबांना विचारा. पण तुम्ही तिथं असायचात ना... तेही सोडवत नव्हतं."

"मला जावंसं वाटत नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

त्याने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग मऊ आवाजात म्हणाला, "जा. मी कुठं पळून जातोय? आणि आत्ताही जरा लांब जा, नाहीतर ही आजही मला हात हलवत परत पाठवेल."

ती पार बांधापर्यंत गेली. बाबा तिथे लसणाच्या जुड्या बांधत बसले होते.

"बाबा, सोमवारी निघते मी. आणि परत आले की... शेजाऱ्यांबद्दल बोलायचंय."

"त्याने मागेच विचारलंय मला," बाबा मान वर न करता म्हणाले. "मी म्हटलं, आधी गाय वळव, मग मुलीचं बघू."

म्हणजे इतके दिवस ती आपल्याच लग्नात मोडता घालत होती! तिने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात गोठ्यातून तो बाहेर आला. बादली फेसाने काठोकाठ भरलेली, आणि तो जपून पावलं टाकत येत होता.

"घ्या," बाबा म्हणाले, "आता मला शब्द पाळावा लागणार."

ती मात्र केव्हाच पळत सुटली होती, बादलीची कडी दुसऱ्या बाजूने धरायला.