पाच अंगठ्या आणि एक माप

या, सतरंजीवर जरा अलीकडे सरका. बुवांचे टाळ जुळेपर्यंत एक गोड गोष्ट सांगते, आपल्या नागपुरातलीच, अगदी आत्ताची.

थंडीतली कोवळी संध्याकाळ होती. आईच्या गळ्यातल्या पोतेचा फासा बदलून घ्यायला लतिका इतवारीत, घरच्या सोनाराकडे आली. आपल्या सोनारकाकांच्या गादीवर नुकताच बसू लागलेला गौरांग डोळ्याला भिंग लावून चांदीच्या अंगठीच्या आत काहीतरी कोरत होता. परदेशातल्या प्रदर्शनाला पाच देशांच्या पाच अंगठ्या जायच्या होत्या, आणि प्रत्येकीच्या आत त्या देशाच्या भाषेत ‘अंगठी’ हाच शब्द हवा, ही गिऱ्हाइकाची हौस. लतिका धरमपेठेत स्पॅनिश नि इटालियन शिकवायची. तिची नजर सहजच पडली…

“चिठ्ठीवर इटली आहे. तुम्ही कोरलाय तो स्पेनचा शब्द.”

गौरांगनं भिंग काढलं. हिरमुसायचं सोडून तो तिच्याकडे बघतच राहिला.

“अंगठीवर ‘अंगठी’ लिहिणारा माणूस पहिल्यांदाच पाहून राहिली मी,” ती म्हणाली. “उद्या खुर्चीवर ‘खुर्ची’ लिहाल.”

“तुम्ही बसणार असाल — तर लिहीन.”

हसू दाबायला तिला पदर नव्हता, म्हणून ती शिकवायला लागली. या पाचही भाषा एका लॅटिन आजीच्या नाती, तिनं सांगितलं. आजी छोट्या कड्याला अनेल्लुस म्हणायची. इटलीतल्या नातीनं त्याचं आनेल्लो केलं, स्पेनमधलीनं आनिय्यो. बाकीच्या तिघींचं त्यानं विचारलं, तर ते पुढच्या वेळी, असं म्हणून ती उठली. पुढच्या वेळी का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग क्लास सुटला की तिची गाडी इतवारीकडे वळू लागली. डाग देताना उठणारा टाकणखाराचा धूर, फुंकणीपुढे थरथरणारी निळी ज्योत, अर्धा-अर्धा चहा. एका संध्याकाळी तिनं फ्रान्सचं आनो दिलं, एका संध्याकाळी पोर्तुगालचं आनेल. रोमानियाचं इनेल तेवढं मागे ठेवलं. मोबाइलवर पाचही शब्द मिळतात, हे दोघांना ठाऊक होतं. त्याबद्दल दोघंही बोलत नव्हते.

तेवढ्यात पुण्याचं स्थळ आलं. लतिकाचे वडील वामनराव म्हणजे शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी फोनवर होकार देऊन टाकला. लतिकानं घरी ‘नाही’ म्हणून सांगितलं, पुन्हा सांगितलं. घरच्यांना वाटलं, लाजतेय. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की साखरपुड्याच्या अंगठीसाठी घरच्या सोनारानं मुलीच्या बोटाचं माप घेतलं म्हणजे बोलणी पक्की. मग माघार नाही.

रविवारी वामनराव तिला घेऊन दुकानात आले. पेढ्यांचा पुडा देवीच्या फोटोपुढे ठेवला आणि कामाचं सांगितलं. गौरांगचा चेहरा उतरला. मापाच्या कड्यांचा जुडगा त्यानं उचलला खरा, पण हात पुढे येईना. लतिकानं त्याच्याकडे एकदा पाहिलं… आणि गादीवर ठेवलेल्या हाताची मूठ घट्ट वळली.

“मूठ काहून वळली वं? उघड,” वामनराव म्हणाले.

“नाही उघडणार, बाबा. तोंडानं सांगितलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून आता हातानं सांगून राहिली. मले पुण्याला नाही जायचं.” तिचा आवाज कापला, मूठ नाही. “मले गौरांग पाहिजे.”

वामनराव गौरांगकडे वळले. “आन् तुले गा?”

“मले तर पहिल्या दिवसापासून, काका. हे मी आधी बोलायला पाहिजे होतं… चुकलो.”

वामनराव उठून बाहेर ओट्यावर गेले. सराफ्यातली वर्दळ, आजूबाजूला सगळी ओळखीची माणसं. तिथंच उभं राहून त्यांनी पुण्याला फोन लावला. पोरीचा दोष नाही, तिला न विचारता शब्द दिला ती चूक माझी, माफी असावी — हे त्यांचे शब्द आत स्पष्ट ऐकू येत होते. पलीकडून बरीच बोलणी बसली असावीत. ते हो-हो म्हणत ऐकत राहिले.

आत आले तेव्हा डोळे ओले होते, पण मान ताठ.

“घे गा माप,” ते म्हणाले. “नीट घे. ढिली नको व्हायले.”

तेव्हा कुठे लतिकाची मूठ सुटली. बोटांचे ठसे तळव्यावर लाल उमटले होते, आणि गौरांग ते पुसले जातील की काय, अशा हलक्या हातानं कडं चढवत होता.

चला, बुवा उभे राहिले. आरतीला हात जोडाल ना, तेव्हा देवाजवळ एक नाव माझ्याकडून घ्या — वामनरावांचं. लेकीसाठी भर बाजारात शब्द मागे घेणाऱ्या त्या बापाची आठवण असू द्या.