हुंगणी

रांग पुढे सरकत होती, पेटीवरचा दिवा प्रत्येकाला हिरवा लागत होता, आणि नेमकं तेच शर्वरीला खटकत होतं. वडजाईच्या जत्रेतल्या कोंबड्यांच्या प्रदर्शनाला तीन तालुक्यांतून पक्षी आले होते. एवढ्यांत एकालाही साधी सर्दी असू नये?

पेटीचं सरकारी नाव श्वासगंध-परीक्षक असं भारदस्त होतं. लोक तिला हुंगणी म्हणत. कोंबडीचं डोकं नरसाळ्यात धरायचं, ती चार श्वास सोडते, पेटी ते हुंगते. पक्षी वरून टुणटुणीत दिसत असला तरी आजार शिरला की श्वासाचा गंध बदलतो, तो बदल पेटीला कळतो. मधल्या साथीत कोंबड्यांवरून माणसं दगावली, तेव्हापासून हुंगणीच्या होकाराशिवाय मंडपात पाऊल टाकता येत नसे. हिरवा दिवा लागला की पायात हिरवं कडं. लाल लागला तर एकदा फेरतपासणी, आणि पुन्हा लाल आला तर पक्षी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथून कुठलाच पक्षी घरी परत येत नसे.

शर्वरीच्या सहा वर्षांच्या लेकीने, रेवाने, आपली पांढरी कोंबडी मोगरी छातीशी धरली होती. घरीही तेच, दिवसभर गालाला गाल. शर्वरी सारखी तिचे हात धुवायची आणि धुताना स्वतःच्या भीतीवरच चिडायची.

मोगरीचं डोकं नरसाळ्यात गेलं. दिवा लाल झाला.

रांग चार पावलं मागे हटली. पेटीपाशी बसलेल्या डॉक्टर वाकचौरेंनी, अर्ध्या तासाने परत या, एवढंच सांगितलं. शर्वरीने आधी रेवाच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"ताई, तेल नाही लावलं व्हय तुऱ्याला?" मागून दस्तगीरचाचा मुलाणी म्हणाले. त्यांच्या काखेत काळा असील जातीचा कोंबडा होता, तुरा आरशासारखा चकचकीत. "लग्नाला कुणी पारोसं जातं का? आण इकडं."

त्यांनी खिशातून बाटली काढली. शर्वरीने ती आधी नाकाशी नेली. यात औषध घातलंय का? पेटीला फसवायचा काही काढा? वास साध्या करडईच्या तेलाचा होता. चाचा हसले. "पिऊन दावू?"

तेल लावलेली मोगरी पुन्हा पेटीत गेली आणि दिवा हिरवा झाला. रेवा नाचायला लागली. शर्वरीला मात्र ते पटेना. अर्ध्या तासात कोंबडी बरी कशी होईल?

मंडपात ती पिंजऱ्यांमधून हिंडली. प्रत्येक तुरा तेलाने लखलखत होता. चोचीवरसुद्धा तेलाचं बोट फिरलेलं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, प्रदर्शनाला पक्षी नटवूनच आणायचा. ती उलटपावली डॉक्टरांकडे गेली. या पेटीला आजार ओळखायला शिकवलं कुणी आणि कशावरून, असं तिने विचारलं.

डॉक्टरांनी कौतुकाने सांगितलं, की पेटीला नियम कुणी शिकवत नाही. हजारो श्वास हुंगवले, हे निरोगी, हे आजारी, एवढं सांगितलं, आणि फरक तिचा तिने शोधला. निरोगी नमुने राज्यभरच्या प्रदर्शनांतून घेतले होते, आजारी नमुने साथीतल्या पोल्ट्र्यांमधून.

"म्हणजे निरोगी ते सगळे तेल लावलेले," शर्वरी सावकाश म्हणाली. "आणि आजारी ते सगळे बिनतेलाचे. डॉक्टर, हिने आजार शोधलाच नसेल. हिने तेल शोधलं असेल."

डॉक्टर कडवट हसले. प्रदर्शनात लोकांना फुशारकी आवडते, शंका काढलेल्या आवडत नाहीत, असं काहीसं बोलले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमची कोंबडी हिरवी आहे, मॅडम. ती पुसून परत घातली आणि लाल आली, तर मला ती उचलावी लागेल. जाऊ द्या ना."

जाऊ देता आलं असतं. पण भोंग्यावर मुलांच्या स्पर्धेची हाक सुरू झाली होती, ज्यात मुलं कोंबडी कुशीत घेऊन मैदानाला फेरी मारतात. रेवासारखी पन्नासेक पोरं रांगेला लागली होती. कोण कुणाचा पक्षी कुरवाळत होतं, कोण तुऱ्याचा मुका घेत होतं.

शर्वरीने रेवाच्या हातातून मोगरी घेतली. ओढणी ओली केली, तुरा, चोच, पाय घासून पुसले आणि डोकं नरसाळ्यात धरलं.

लाल.

"यावरून एवढंच ठरतं, की हिला आजार आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हातमोजे चढवले. त्यांचंही बरोबर होतं. हिरवा ठरलेला दुसरा एखादा पक्षी पुसून बघायला हवा होता. तिने बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या चाचांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघती?" चाचांनी पायात हिरवं कडं चढलेला कोंबडा आणखी घट्ट धरला. गेल्या वर्षीचा पहिला नंबर त्याचाच. त्यांनी पोरांच्या रांगेकडे नजर टाकली, त्यात त्यांची नातही उभी होती. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढला, कोंबड्याचा तुरा पुसला, चोच पुसली, आणि स्वतःच्या हाताने त्याला पेटीत धरलं.

लाल.

डॉक्टरांचे हात तिथेच थांबले. दोन्ही पक्षी आजारी होते, की एकही नव्हता? घशातला खरा नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर यायला दोन दिवस लागणार, आणि संध्याकाळी हे सगळे पक्षी तीन तालुक्यांत आपापल्या खुराड्यांत पोचणार. डॉक्टर उठले, भोंगेवाल्याकडे गेले आणि त्यांनी त्याच्या हातून माईक काढून घेतला. पण तोंडापाशी धरून ते नुसतेच उभे राहिले. सगळं ठीक आहे म्हणावं तर पुरावा नाही, पळा म्हणावं तरी पुरावा नाही.

मैदानातली पोरं कोंबड्या उराशी धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

आणि शर्वरीसमोर रेवा दोन्ही हात पसरून उभी होती.

"आई, आता हिला घेऊ का?"