ठोकळ्याचा ताप अठ्याण्णव

ठोकळ्याला थंडी भरली होती, आणि बाहेर अकोल्यात मे महिन्याचं ऊन नुसतं ओतत होतं.

ठोकळा म्हणजे केतकीचा संगणक. काळा, चौकोनी आणि जागचा न हलणारा, म्हणून ठोकळा. आज सकाळीच तिने त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसेल अशी सोय करून घेतली होती. (प्रोसेसर म्हणजे संगणकातली सगळी आकडेमोड करणारी, बिस्किटाएवढी चकती.) तिथे आकडा होता एकसष्ट.

"फक्त एकसष्ट!" केतकीने आकडा पुन्हा वाचून पाहिला.

ताप म्हणजे काय ते अकरा वर्षांच्या केतकीला चांगलं ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात ती आठ दिवस अंथरुणावर होती. एकशे तीन म्हणजे कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या. अठ्याण्णव म्हणजे "उतरला एकदाचा!" आणि मऊ भात. एकदा तर आकडा शहाण्णववर आला, तेव्हा बाबांनी घाबरून तिच्या अंगावर दोन चादरी टाकल्या होत्या. मग एकसष्ट म्हणजे बिचारा पार गारठला असणार!

पण एक गोष्ट तिला काही केल्या उलगडेना. चौकातल्या फलकावर आज तापमान होतं त्रेचाळीस, आणि डांबरावर चप्पल चिकटत होती. त्रेचाळीसला रस्ता भाजतो, तर एकसष्टला ठोकळा गार कसा? आणि आपल्या अंगात रोज अठ्याण्णव असतात, मग आपण का भाजत नाही? विचार करून करून तिचं डोकं गरगरलं, आणि तिने तो नाद सोडला. वेळच नव्हता. सव्वातीन वाजले होते.

चार वाजता आई येणार होती. म्हणजे पडद्यावर. केतकीची आई सहा महिन्यांसाठी चंद्रावरच्या तळावर कामाला गेली होती. तिथल्या प्रत्येकाला महिन्यातून एका रविवारी घरच्यांसाठी एक तास मिळायचा. त्या तासात मायलेकी 'विवरगाव' नावाचा खेळ खेळत. चंद्रावरच्या एका खड्ड्यात गाडीने सामान वाहून दोघींनी मिळून गाव वसवायचं. गप्पा त्या खेळातच व्हायच्या. मागच्या महिन्यात मात्र आठव्या मिनिटाला ठोकळा बंद पडला. सुरू केला, पुन्हा बंद. खेळातल्या आईने गावाच्या घुमटाचं दार उघडून धरलं होतं आणि केतकी आत पोचलीच नाही. बावन्न मिनिटं गेली ती गेलीच.

'थंडीनेच बंद पडला असणार,' केतकीने ठरवून टाकलं. कुलरचा झोत थेट त्याच्यावर होता ना!

तिने कुलर बंद केला. कपाटातून जाड गोधडी काढली, ठोकळ्याभोवती नीट लपेटली आणि सरावासाठी खेळ सुरू केला. अडुसष्ट. सत्याहत्तर. शहाऐंशी.

"येतोय, येतोय वर!"

ब्याण्णव. पंच्याण्णव. अठ्याण्णव!

केतकीने टाळी वाजवली. आणि नेमकी त्याच वेळी विवरगावातली गाडी अडखळू लागली. जरा पुढे जायची, थांबायची. गोधडीच्या आत पंखा मिक्सरसारखा ओरडत होता. केतकी चक्रावली. मघाशी गारठलेला होता तेव्हा सुरळीत चालत होता, आणि आता ताप अगदी नॉर्मल, तर हा रडतखडत का चालतो? तिने गोधडी आणखी घट्ट केली. दोन मिनिटांत पडदा काळा झाला.

"काय गं पोरी, कुलर काहून बंद? भट्टी करून ठेवली घराची!"

दारात गावंडे आजी उभ्या होत्या. समोरच्या घरात राहायच्या. तीस वर्षं त्यांनी वेधशाळेत (हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रात) काम केलं होतं. बाबा आज खामगावला गेले होते, म्हणून मधूनमधून त्या डोकावून जायच्या.

"आजी, ठोकळा गेला!" केतकीचा आवाज रडवेला झाला. "नुसता सुरू केला तेव्हा एकसष्टच होता. मग चांगला ताप नॉर्मल आला होता हो, अठ्याण्णव! आणि गेला. आता आई येईल आणि मी नसेन."

आजींनी गोधडीत हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"अरे बाप्पा! बाळंतिणीसारखं गुंडाळलंस की याला! काढ ती आधी. कुलर लाव, पण झोत खोलीत फिरू दे. ओल्या हवेचा मारा थेट यंत्रावर नको. आणि सांग मला, पाणी कितीवर उकळतं?"

"शंभरवर."

"मग अठ्याण्णव म्हणजे?"

"पण आपल्याला पण अठ्याण्णवच असतात ना! मग आपण का उकळत नाही?"

आजी खुर्चीत टेकल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "ही खिडकी मोज. तुझ्या हाताने, कोपरापासून बोटांपर्यंत."

"तीन हात."

"आता वितीने."

"...सहा."

"खिडकी वाढली काय?"

"नाही. माप बदललं."

"तसंच आहे हे. उष्णता मोजायची मापं दोन. एक सेल्सिअस. त्यात पाण्याचा बर्फ शून्यावर होतो आणि पाणी शंभरावर उकळतं. दुसरं फॅरनहाइट. त्यात बर्फ बत्तिसावर आणि उकळणं दोनशे बारावर. हवा आपण सेल्सिअसमध्ये मोजतो, आणि अंगातला ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. माझी आई पाऱ्याची तापमापी झटकायची, तेव्हापासून हे असंच चालत आलंय. तुझे अठ्याण्णव म्हणजे सेल्सिअसचे जेमतेम सदतीस. ठोकळ्याचे आकडे सेल्सिअसचे. ताप मोजायच्या मापात मांडले तर त्याला दोनशे आठ ताप होता."

केतकीने तोंडावर हात ठेवला. "आणि मी त्याला गोधडी घातली!"

"घातलीस खरी. पण तो मेला नाही, घाबरू नको. प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. (ट्रान्झिस्टर म्हणजे वीज चालू-बंद करणारी, डोळ्यांना न दिसणारी बटणं.) खेळ रंगला की ती जोरात उघडझाप करतात आणि तापतात. ती उष्णता धातूच्या पात्यांत जाते आणि पंखा तिला बाहेर ढकलतो. तू बाहेरची वाटच बंद केलीस. मग त्याने आधी आपला वेग कमी केला, कमी तापावं म्हणून. तरी भागलं नाही, तेव्हा स्वतःला बंद करून घेतलं. शहाणा आहे तुझा ठोकळा."

"मग त्याला किती चालतं?"

"ते ज्याने बनवलं त्याला विचारायचं. प्रत्येकाची मर्यादा वेगळी." आजींनी ठोकळ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका उघडली. "हं, याची शंभर. म्हणजे खेळताना साठ ते ऐंशी असला तर बिनघोर खेळ. पंच्याऐंशीच्या पुढे लक्ष ठेव. नव्वदच्या वर मुक्कामच ठोकला, तर समज कुठेतरी अडलंय." त्या थांबल्या. "तू नुसता सुरू केलास तेव्हा एकसष्ट होता म्हणालीस ना? ते जरा जास्तच आहे गं. मागच्या महिन्यात तर गोधडी नव्हती. वायर काढ भिंतीतून."

मागची जाळी काढली, तर तिच्यावर राखाडी रंगाचा मऊ थर! धूळ आणि कापसाचे बारीक तंतू. अकोल्यात वाऱ्याबरोबर तेही घरात येतात. आजींनी पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून तो फिरू नये असा धरला, आणि केतकी चित्रकलेच्या ब्रशने थर झाडू लागली.

"आमच्या शाळेत संगणकाची वेगळी खोली होती," आजी म्हणाल्या. "अख्ख्या शाळेत एअर कंडिशनर तेवढ्याच खोलीत. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत जायचं. आम्हाला वाटायचं, संगणक म्हणजे देव. मी तर एकदा नमस्कारही केला होता. उष्णता आणि धूळ, हे दोनच त्याचे वैरी, हे सांगितलंच नाही कुणी."

"तुम्ही नमस्कार केलात?"

"तू गोधडी घातलीस ती?"

दोघी हसल्या. घड्याळात चाराला पाच कमी होते. केतकीने वायर जोडली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. बेचाळीस.

"आजी, बेचाळीस!"

"बघ, नुसती जाळी साफ केली तर."

चार वाजता विवरगावात आईची पिवळी टोपी दिसली. तिने घुमटाचं दार उघडून धरलं होतं. केतकी धावत आत शिरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, गोधडीसकट. आजी तापमानाच्या आकड्याकडे वेधशाळेच्याच नजरेने बघत होत्या. सदुसष्ट. एकाहत्तर. चौऱ्याहत्तरवर तो स्थिरावला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गाडी कुठेच अडखळली नाही.

"आई, तिकडे तुमचे संगणक कसे थंड ठेवता? पंखे केवढे आहेत?"

"बाहेर पंखा काही कामाचा नाही गं, इथे हवाच नाही," आई म्हणाली. "आम्ही नळ्यांतून ती उष्णता मोठाल्या पत्र्यांपर्यंत नेतो. पत्रे ती किरणांच्या रूपाने आकाशात सोडतात. पण धूळ बसली की तेही कुचकामी. उद्या माझी पाळी आहे झाडायची."

"ब्रश घेऊन?"

"ब्रशच घेऊन. त्या धुळीसाठी कुणीतरी चांगली युक्ती काढायला हवी. मोठी झालीस की तू काढ." मग आईने विचारलं, "ठोकळ्याची तब्येत कशी आहे आता?"

"चौऱ्याहत्तर. सेल्सिअस."

"आणि तुझी?"

केतकीने स्वतःच्या कपाळावर हात ठेवला. "अठ्याण्णव. फॅरनहाइट!"

आवाजाला चंद्रावर जायला आणि तिथून परत यायला अडीच सेकंद लागतात, हे केतकीला आता पाठ होतं. ती मनात मोजू लागली. एक... दोन... आणि आईचं हसू घरात येऊन पोचलं.