दिराचे नाव

अंगणात घोड्याचा लगाम धरून एर्निस उभा होता, आणि म्हातारी उमसुनाय बुरुलच्या खोगिरावर लोकरीची आणखी एक घडी अंथरीत होती.

"वहिनीला सांभाळून ने रे. घाटात घोडं दामटू नकोस."

"माझं आता वजन ते काय, सासूबाई! घोड्याला कळायचंसुद्धा नाही मी बसले ते," बुरुल हसली, आणि हसताहसताच तिला धाप लागली.

वहिनी... तो शब्द एर्निसच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता. पहिले अपत्य आजीच्या ओटीत घालण्याची त्यांच्यात रीतच होती. एर्निसच्या वेळी बुरुलने ती निमूटपणे पाळली, आणि पुढे तिची कूस पुन्हा कधी उजवली नाही. रीतीप्रमाणे आजी आई झाली, जन्मदाता जापार दादा झाला आणि जन्मदात्री वहिनी! सासरच्या पुरुषाचे नाव सुनेने घ्यायचे नसते. म्हणून जे नाव तिने स्वतःच निवडले होते, तेच तिच्या ओठांना जन्मभर पारखे झाले. हे गावाला ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते. बोलत मात्र कोणीच नव्हते.

शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी पाठवले, तेव्हा तिने एवढेच मागितले होते, की जापार मेंढरे घेऊन गेला होता त्या वरच्या कुरणात आपल्याला एकदा न्यावे. एर्निसचा जन्म तिथलाच होता.

दोघांचे घोडे चढणीला लागले; गवताच्या हिरव्या लाटा मागे पडल्या, बर्फाचे पाणी खळाळू लागले.

"भावजी, आता लग्न करा," ती म्हणाली. "असं घुम्यासारखं राहिलात तर मुलगी घोड्याशीच बोलत बसेल."

त्याला हसू आले नाही. कितीतरी वर्षे गिळलेला प्रश्न आज आपोआप ओठांवर आला.

"तुम्ही मला एकदाही नावानं हाक मारली नाहीत."

"दिराचं नाव कोणी घेतं का?"

"मी तुमचा दीर आहे?"

ती घोड्याच्या आयाळीकडे पाहत राहिली. त्याने आपला घोडा पुढे काढला... आणि खिंडीतल्या धुक्याने पुढची वाट गिळून टाकली. वाट उजवीकडे वळत होती. तो सरळ जात होता, जिथे बर्फाच्या पातळ कडेखाली नुसती दरी होती.

"एर्निस! थांब, पुढं जाऊ नकोस!"

घोडा जागीच थबकला. खुराखालचा बर्फ निसटून कुठेतरी खोल गेला. तो मात्र दरीकडे पाहतच नव्हता. मागे वळून त्याने पाहिले, तर बुरुलने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड झाकून घेतले होते, जणू तिच्या हातून चोरी झाली होती.

"पुन्हा एकदा म्हणा," तो जवळ येऊन म्हणाला. "आ..."

तिचा थंडगार तळवा त्याच्या ओठांवर आला.

"तो शब्द नको, भावजी. खाली अंगणात जी उभी आहे, तिचा तो. दिलेलं परत घेऊ नये."

कुरणात पोहोचल्यावर जापारच्या तंबूत, दारातून दिसणाऱ्या गवताकडे पाहत ती शांतपणे गेली.

तिला खाली गावी आणले. अंगणात लोकरीचा तंबू उभा राहिला. आत बायका बसल्या, बाहेर काठीवर रेलून पुरुषांनी आक्रोश मांडला. ज्याचे जे नाते, त्या नात्याने हंबरडा फोडायचा, अशी चाल. एर्निसची पाळी आली. सारे गाव कान देऊन होते. वहिनी म्हणावे तर जीभ वळेना, आणि दुसरा शब्द उच्चारावा तर आत ती म्हातारी जिवंत बसलेली... तो मुकाच उभा राहिला.

तंबूचा पडदा सरकला. उमसुनाय दारात आली.

"असा मुका का उभा आहेस? कोण गेलं तुझं?"

तो काठीवर आणखी वाकला.

"माझ्यासाठी तो शब्द राखून ठेवू नकोस, बाळा. तिनं तुला माझ्या ओटीत घातलं, तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही. आज मी देते. रड. तुझी आई गेली."

"आई... माझी आई!"

त्या हंबरड्याने अंगण गदगदले. पडद्याआड परतून, जन्मभर त्या हाकेला 'ओ' देत आलेली उमसुनाय, रुमालाचे टोक दातांत घट्ट धरून बसली होती.