वीस वर्षं उशिरा आलेली नळी

लोणावळ्याचं धुकं माणसाला कुठंही नेऊन सोडतं. इकबालला त्यानं शमीमच्या चुलीपुढं नेऊन सोडलं.

बेचाळीस सालचा आषाढ. इकबाल लोणावळा स्टेशनात पार्सल क्लार्क होता. आठवडाभर तो खाणावळीतली एकच आमटी सोमवारची, मंगळवारची असं म्हणून खात असे आणि रविवारी दुपारी परदेशी जात असे. परदेशी जायला तेव्हा बोट लागत नव्हती, छत्री पुरे होती. बॉम्ब पडणार या धास्तीनं मुंबईची पुष्कळ मंडळी लोणावळ्याला येऊन राहिली होती, आणि जीव वाचवून आलेल्या माणसाला भूक फार लागते. ती भागवायला बाजारातल्या एका जुन्या तबेल्याच्या तीन अंगांना तीन हॉटेलं निघाली होती. बाजाराकडं बेहराम इराण्याचं ‘शिराज’. गल्लीकडं कायतानचं ‘नापोली’. कायतान गोव्याचा, पण इटालियन बोटीवर नऊ वर्षं वाढपी होता. आणि मागच्या अंगाला सुदुंबऱ्याच्या भिमाजीचं ‘रंगून’. भिमाजी रंगूनच्या गोदीत होता. तिथं खरंच बॉम्ब पडले तेव्हा तो कपड्यांची ट्रंक टाकून आचाऱ्याला सोबत घेऊन आला.

त्या रविवारी इकबालला इराणला जायचं होतं. पण धुकं असं, की पाटी वाचायला वर पाहावं तर स्वतःची छत्री दिसेना. हाताला दार लागलं, ते त्यानं ढकललं आणि आत गेला.

आत टेबलं नव्हती. पत्र्याखाली तीन चुली होत्या, पलीकडं दोन घोडे होते, आणि मधे पदर खोचून, हातात डाव घेऊन एक मुलगी उभी होती.

“गिऱ्हाइकांचं दार पुढं आहे,” ती मान वर न करता म्हणाली.

“पुढं म्हणजे कुठं? मला शिराजला जायचं होतं.”

“डाव्या खिडकीपलीकडं इराण. उजवीकडं इटली. घोड्यांच्या मागं रंगून.”

“आणि मी उभा आहे तो मुलूख कुठला?”

आता तिनं वर पाहिलं. धुरानं डोळे पाणावले होते, कपाळावर मैद्याचं बोट उमटलं होतं...

“तो माझा. आणि तुम्ही त्यात जोडे घालून उभे आहात.”

इकबालनं जोडे काढून हातात घेतले. तेवढ्यात डावीकडून बेहराम ओरडला, “एक जर्दाळू-मटण!” उजवीकडून कायताननं मॅकरोनी मागितली, आणि घोड्यांच्या मागून भिमाजीचा आवाज आला, “शमीमबाय, दोन शेवया नारळाच्या रसातल्या! पावणं लय भुकेजल्यात!” भिंतींना वाढायच्या तीन लहान खिडक्या होत्या. तिनं तीन ताटं तीन खिडक्यांतून सारली आणि हात पुसले.

“म्हणजे तिन्ही मुलखांत...”

“हळू बोला! तिघांचेही आचारी एका आठवड्यात पलटणीच्या मेसमध्ये पळाले. मी इथं बसून त्यांचे हात बघत होते. तबेला अब्बांचा. हॉटेलं बंद पडली तर आम्ही आणि घोडे एकमेकांची तोंडं बघत बसणार.”

“पण भिमाजी तर म्हणाला, आचारी थेट मंडालेचा आहे.”

“मंडाले मी पाहिलं नाही,” शमीम शांतपणे म्हणाली. “पाच वर्षांमागं तळेगावला गेले होते.”

इकबाल हसला. मग तीही हसली, आणि लगेच गंभीर झाली.

“कुणाला सांगणार का?”

“नाही... पण एका अटीवर.”

“जोडे हातात घेऊन उभा असलेला माणूस अट घालतो?”

अट पोटातच राहिली. माणूस मात्र दर रविवारी येऊ लागला.

आता तो पुढच्या दारानं येई. एक रविवार इराण, एक इटली, एक रंगून. पण बसे तो खिडकीलगतच्या टेबलाशीच. खिडकीतून चेहरा दिसत नसे; मनगट दिसे, हिरव्या बांगड्या दिसत, कधी बोटाला भाजल्याची लाल रेघ दिसे. मग त्या रविवारी इकबालला इटली गोड लागत नसे. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजे आणि खिडकीतून हळूच बोलणं होई.

“बोट कसं आहे?” हे तो विचारी.

“आचाऱ्याचं बोट विचारायचं नसतं, चव विचारायची असते,” हे ती म्हणे.

चौथ्या रविवारी रंगूनमध्ये तिनं त्याचं ताट परत घेतलं आणि खिडकीतच धरून ठेवलं.

“दर वेळी एक घास टाकता. मीठ कमी पडतं का?”

“नाही.”

“मग?”

“ताट रिकामं झालं की उठावं लागतं...”

ताट आत गेलं. मग खिडकीतून एक वाटी आली. वाटीत काही नव्हतं, म्हणजे संपवून उठायचंही काही नव्हतं. घाईत चुकून आली होती, असं शमीमनं पुढं अनेक वर्षं सांगितलं.

त्याच दिवशी, सगळी गिऱ्हाइकं उठल्यावर, तिनं त्याला वडिलांचं नाव विचारलं.

“दस्तगीर अत्तार. वडगावला, कचेरीसमोर मसाल्याचं दुकान आहे.”

“या अल्ला,” शमीम म्हणाली. “नळीवाले?”

नळीची हकीकत सगळ्या मावळाला ठाऊक होती. वीस वर्षांमागं वडगावात एक लग्न झालं. पंगतीत मटण वाढायला अल्लाबक्ष टांगेवाला, म्हणजे शमीमचे वडील. डेगीत मगजभरली एकच मोठी नळी उरली होती. दस्तगीर अत्तारांनी ती डेगीतच ओळखली, ताट जरा पुढं केलं, डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा नळी शेजारच्या ताटात होती. शेजारी बसलेल्या गृहस्थाच्या तोंडात दात नव्हते आणि छातीत नळी ओढायला दम नव्हता. अत्तार हात धुऊन उठले आणि भर मांडवात म्हणाले, “या अल्लाबक्षच्या घरचा घास जाणूनबुजून माझ्या तोंडात जायचा नाही!” माणसं जमीनजुमल्याचं भांडण विसरतात. नळीचं विसरत नाहीत.

नुसता घास असता तरी चाललं असतं. पण त्यांच्या मंडळींत एक रीत होती. मागणीला गेलेला मुलाचा बाप होय म्हणत नसे की नाही म्हणत नसे. मुलीच्या हातचं ताट पुढं येई. जेवला की होय. पाण्यालाही न शिवता उठला की नाही.

“म्हणजे तुमचे अब्बा आमच्या घरी जेवणार नाहीत, आणि जेवल्याशिवाय...” शमीमनं वाक्य सोडून दिलं आणि घोड्याला उगाच दोनदा चारा घातला.

पुढच्या आठवड्यात वडगावहून निरोप आला. ईद झाली की तळेगावच्या एका मुलीकडं मागणी घालायची, अब्बांनी ठरवलं आहे. रोजे लागायला जेमतेम महिना उरला होता.

घाबरलेला माणूस हुशारी करायला जातो. इकबालनं वडिलांना लिहिलं, की इथं मुलुखामुलुखांचं खाणं मिळतं, एकदा याच. अत्तारांना मसाल्याचं नाक होतं आणि खाण्याचा मान होता. ते पहिल्याच रविवारी गाडीनं आले. इराणमध्ये त्यांनी दोनदा जर्दाळू-मटण मागवलं. दुसऱ्या रविवारी रंगूनमध्ये शेवयांचा रस वाटी तोंडाला लावून प्यायले. मग मिशा पुसताना त्यांचा हात थांबला.

“इकबाल...”

“जी, अब्बा?”

“इराण आणि रंगून शेजारी शेजारी आहेत का रे?”

“बरंच अंतर आहे, अब्बा.”

“मग मिरी दोन्हीकडं एकाच हातानं कशी पडते?”

इकबालला ठसका लागला. भिमाजी पाण्याचा तांब्या घेऊन धावला. “अवो आबा, लढाई हाय! समदा माल एकाच बोटीनं येतुया!” अत्तारांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं, पण पोट भरलेलं होतं, त्यामुळं चौकशी पुढं गेली नाही.

ते गाडीत बसल्यावर इकबाल विजयी मुद्रेनं तबेल्याच्या दारानं आत आला. जोडे दाराबाहेर काढायला विसरला नव्हता.

“जेवले! दोन्ही वेळा! ताट चाटूनपुसून! आता फक्त सांगायचं, की अब्बा, हे ताट कुणाच्या हातचं होतं... रीत म्हणजे रीत!”

शमीमनं हातातला डाव खाली ठेवला.

“म्हणजे आज ते तुमचे अब्बा होते. आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तू...”

“मी वाढलं नसतं. इकबाल, तुम्ही मला रश्श्यात लपवून घरात नेणार? मग जन्मभर ते माझ्या हातचा घास तोंडात घालतील आणि दर घासाला त्यांना आठवेल, की पोरीनं फसवलं.” तिनं बांगड्या मागं सारल्या. “मी दिवसभर तीन खोट्या नावांनी रांधते. त्याचं काही नाही, ते पोटासाठी. पण त्या घरात मी माझ्याच नावानं येईन, नाहीतर येणार नाही.”



“पुढच्या रविवारी आणतो,” इकबाल खाली मान घालून म्हणाला. “पहिल्या घासाआधी सांगतो. मग उठले तर...”

“उठले तर उठले,” शमीम म्हणाली, आणि तोंड फिरवून चुलीत फुंकू लागली. चूल चांगली पेटलेली होती.

तो रविवार रोज्यांच्या आधीचा शेवटचा. बाप-लेक नापोलीत बसले. इकबालनं सहा दिवस वाक्य पाठ केलं होतं. “अब्बा, एक सांगायचंय,” इथपर्यंत ते सुरेख आलं. पुढं तो म्हणाला, “आज हवा बरी आहे.” बाहेर धुक्यात समोरचं दुकान दिसत नव्हतं.

खिडकी उघडली नाही. त्याऐवजी मधलं दार उघडलं, जे कधीच उघडत नसे. शमीम स्वतः ताट घेऊन बाहेर आली. कपाळावर आज मैदा नव्हता. पदर नीट डोक्यावरून होता. तिनं ताट अत्तारांपुढं ठेवलं.

ताटात तांबड्या रश्श्यात एक नळी होती. रुंद, मगजानं काठोकाठ भरलेली, वाफ सोडणारी.

अत्तारांचे डोळे आपोआप मिटले. मग त्यांनी ते घाईनं उघडले. वीस वर्षांचा अनुभव होता. नळी जागेवर होती.

“हे काय आहे?”

“इटलीचा पदार्थ आहे, चाचा. कायतानभाऊंनी बोटीवर पाहिला होता. तिकडं पाहुण्याला मानानं नळी वाढतात.”

“शहाणे लोक दिसतात,” अत्तार म्हणाले आणि हात पुढं केला.

“थांबा. आधी सांगते, मग खा.” तिनं श्वास घेतला. “मी शमीम. अल्लाबक्ष टांगेवाल्यांची मुलगी. इराणचं ताट माझं होतं, रंगूनचंही माझं होतं. ते तुम्ही नकळत खाल्लंत, ते मी मोजत नाही. ही नळी तुमचीच आहे. वाटेत वीस वर्षं उशीर झाला.”

 कायताननं गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. घोड्यांमागून भिमाजीची मान डोकावली. मधल्या दारात अल्लाबक्ष कधी येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नाही. त्याच्या हातात अजून लगाम होता.

अत्तारांनी मुलाकडं पाहिलं. इकबाल लाल झाला होता, पण नजर त्यानं या वेळी खाली घातली नाही.

“अब्बा, हेच सांगायचं होतं. मला हिच्याशीच...”

“हवा बरी आहे म्हणालास ते?”

“...जी.”

अत्तारांनी दाराकडं पाहिलं. “अल्लाबक्ष, त्या दिवशी काय झालं होतं रे?”

“दस्तगीरभाऊ, खुदा गवाह, डाव तुमच्याच ताटाकडं निघाला होता,” अल्लाबक्ष कळवळून म्हणाला. “पण तुम्ही डोळे मिटलेले. मला वाटलं, पोट भरलं, नको म्हणताय.”

वीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

अत्तार ताटाकडं पाहत राहिले. पुढ्यात पाण्याचा पेला होता. त्याला ते शिवले नाहीत. शमीमनं बोटांत पदर गच्च धरला होता. मग अत्तारांनी बाह्या मागं सारल्या, बिस्मिल्ला म्हटलं, नळी उचलली आणि ताटाच्या काठावर आपटली... ठक्. ठक्. आणि तोंडाला लावून असा सूर काढला, की तबेल्यातला घोडा खिंकाळला.

नळी रिकामी करून त्यांनी ती मानानं ताटाच्या कडेला ठेवली. मिशा पुसल्या. आता काही बोलायची गरज नव्हती. पण सासरेपण आलं की माणसाला राहवत नाही.

“पोरी, मीठ थोडं कमी आहे.”

“मुद्दाम कमी घातलं, अब्बा,” शमीम म्हणाली. चाचाचं अब्बा कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. “उरलेलं तुमच्या घरी येऊन घालीन.”

अत्तारांनी दुसरं ताट मागवलं, इकबाललाही वाढायला लावलं. त्यांनी अल्लाबक्षला शेजारी बसवलं, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून बसले. जेवणं आटोपल्यावर शमीमनं इकबालपुढचं ताट उचललं आणि थबकली. ताट लख्ख होतं. एक शीतही उरलं नव्हतं.

“आज घास टाकला नाहीत?” तिनं हळूच विचारलं.

“आता उठायची भीती नाही,” इकबाल म्हणाला.

बाहेर धुकं तसंच होतं. भिमाजी दारात उभा राहून एका चुकलेल्या गिऱ्हाइकाला वाट दाखवत होता, “रंगून व्हय? या की, कुटूनबी या. समदं एकच हाय.”